थोडासा दोषी

आणि मामा, एक गोष्ट आता कायमची मिटवून टाका. मी गुन्हेगार नाही. मागच्या पत्रात तुम्ही 'आपल्या घराण्यात कोर्टाची पायरी चढलेला पहिला पुरुष' असं जे लिहिलंत, ते मला लागलं. एक तर ते खोटं आहे. तुमचे थोरले काका सामाईक भिंतीपायी कोर्टात एवढे गेले की तिथल्या बाकावर त्यांची जागा ठरलेली होती आणि ते वारल्यावर शिपायाने सुतक पाळलं, असं तुम्हीच सांगता. आणि दुसरं म्हणजे मला ती पायरी चढायला लावली कुणी? पण ते पुढे येईल. रागाच्या भरात नमस्कार राहिला, तो आता घ्या. तीर्थरूप मामांना आणि मामींना साष्टांग नमस्कार. मी इथे बरा आहे. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना वाजतो की उतरताना, ते कळवा, कारण इथल्या औषधवाल्याने तसं विचारलंय. मामींचा खोकला गेला असेल असं धरून चालतो. फोन का करत नाही म्हणता, तर फोनने माझं काय केलं ते वाचा म्हणजे कळेल. शिवाय फोनवर तुम्ही बोलता. पत्रात मला बोलता येतं.

(मामी, पत्र तुम्हीच वाचून दाखवत असणार, कारण मामांचा चष्मा पत्र आलं की हरवतो आणि ताट आलं की सापडतो. ओट्यावर शेजारपाजारचे येऊन बसले असतीलच. तेव्हा कंसातलं मनातल्या मनात वाचा. कंस म्हणजे या दोन वाकड्या रेघा. यांच्या आतलं फक्त तुमचं.)

तर मी इथे काय करतो हे आधी ओट्यावरच्यांना नीट कळू दे. तुम्ही 'पोरगा कंपनीत आहे' एवढंच सांगता आणि मिशीला पीळ देता. कंपनी म्हणजे दोन व्हॅन, एक मालकीणबाई, मी आणि लांबू. घर बदलणाऱ्या लोकांचं सामान या दारातून काढायचं आणि त्या दारातून आत घालायचं. लांबू उंच आहे म्हणून कपाटाचं वरचं टोक त्याचं, खालचं माझं, आणि जिन्यात कपाटाचा सगळा भार खालच्यावर येतो हे नववीत शाळा सुटलेल्यालाही कळतं, पण उंची काही पगारात मागता येत नाही. व्हॅन मी चालवतो. लायसन पहिल्या फटक्यात मिळालं. त्या दिवशी तुम्ही फोनवर म्हणालात, लायसन मिळणं सोपं, अक्कल मिळणं अवघड. ते मी लक्षात ठेवलंय.

आता मूळ गोष्ट. एका म्हाताऱ्या बाईंचा पियानो घेऊन आम्ही चाललो होतो. लाल दिवा लागला, मी थांबलो. फोन वाजला. तुमचा. तुमचा फोन उचलला नाही तर तुम्ही लागोपाठ करत राहता आणि मग घरोघर सांगता की पोराचं काही बरंवाईट झालंय. म्हणून उचलला. तुम्ही म्हणालात, "गाडी चालवतोयस की काय? गाडी चालवताना फोन उचलू नये, किती वेळा सांगितलं तुला!" म्हटलं, मामा, ठेवतो. तर म्हणालात, "थांब, ऐकून घे." आणि अपघात कसे होतात यावर सुरू झालात. मोठ्या माणसाच्या आधी फोन ठेवायची आपल्यात रीत नाही. हिरवा लागला, मागच्यांनी भोंगे वाजवले, पुन्हा लाल झाला. तुम्ही अजून त्या ट्रक उलटलेल्या मेहुण्यांवरच होतात. इतक्यात काचेवर कुणीतरी एका बोटाने टकटक केलं. मोटारसायकलवरचा पोलीस. कोण आहे फोनवर, म्हणाला. मी म्हटलं, मामा. सांगतोय काय? मी म्हटलं, गाडी चालवताना फोनवर बोलू नये. पोलिसाने हेल्मेट काढून डोकं खाजवलं, पण चिठ्ठी फाडलीच. लांबू पियानोला टेकून हसत होता. पियानोही मधेच एकदा वाजला.

पुढे घरी कागद आला. त्यात दोन रस्ते दिले होते. एक, मुदतीत दंड भरा, विषय संपला. दुसरा, मान्य नसेल तर कोर्टात या. लांबू म्हणाला, भर आणि मोकळा हो. पण मी मूर्खाने तुम्हाला विचारलं. (मामी, विचारताना मी फुटपाथवर उभा होतो, गाडीत नव्हतो, हे तुम्हाला तरी माहीत असावं.) तुम्ही म्हणालात, पहिल्या आकड्याला पैसे देतो तो गाढव. कागदाला हात जोडून उपयोग नसतो, साहेबाला जोडावे लागतात. जा, समोर उभा राहा, गरिबी सांग, निम्मा करून घे. जन्मभर नाक्यावर गाड्या अडवून पावत्या फाडलेल्या माणसाचा सल्ला. मी म्हटलं, दंडातलं यांच्याइतकं कुणाला कळणार? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी शहाणा कधीच नव्हतो, पण तुम्ही तर होतात ना?

कोर्ट इतकं स्वच्छ होतं की मी बाहेर चपला काढायला लागलो. माझ्यासाठी सरकारने आपली भाषा बोलणाऱ्या एक दुभाषी बाई ठेवल्या होत्या. चेहरा असा, की लग्नातसुद्धा हसणार नाहीत. त्यांनी मला विचारलं, "दोषी की निर्दोष?" मी म्हटलं, "थोडासा." त्या म्हणाल्या, "थोडासा असा रकाना नाही." मी म्हटलं, बाई, व्हॅन उभी होती. त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी विचारलं, इंजिन चालू होतं? होतं. मग दोषी. मी तुम्ही शिकवल्याप्रमाणे हात जोडले. आईबाप लहानपणी गेले, मामाने वाढवलं, मामा रागीट आहेत, फोन ठेवला असता तर त्यांना झटका आला असता, वगैरे. दुभाषी बाईंनी एवढं सगळं एका वाक्यात उरकलं. काय सांगितलं देव जाणे, पण साहेब खोकले आणि दंड कमी केला. निम्मा नाही. दोन जोड मोजे येतील एवढा.

मी बाहेर आलो तो गड जिंकल्यासारखा. तुम्हाला कळवलं, तर तुम्ही ओट्यावर सगळ्यांना चहा पाजलात आणि 'पोराने परदेशात न्यायाधीश वाकवला' असं सांगितलंत. तेव्हा मी घराण्याचा दिवा होतो. आता काजळी झालो. असो. मी त्या दंडाची शिक्क्याची पावती लॅमिनेट करून घेतली आणि आतल्या खिशात ठेवली. का, तर तुमची शिकवण: पावती फाटली की भानगड मिटली, आणि पावती जपली की माणूस खरा.

मला कुणी सांगितलं नाही, मामा, की इथे टपालाने भरला तर तो नुसता दंड असतो, आणि साहेबासमोर उभं राहून कमी करून घेतला तर ती शिक्षा होते आणि नावाला चिकटते. मी वाचवले मोज्यांचे पैसे आणि अडकवून बसलो पाय.

आता ताईचं. ओट्यावरच्यांना आठवण द्या, ताई म्हणजे माझी मोठी बहीण, जी लग्न होऊन पलीकडच्या देशात गेली. पलीकडचा म्हणजे नदीच्या पलीकडचा. मी या गावात काम धरलं तेच मुळी त्यासाठी. चौथ्या मजल्यावर सामान चढवलं की मला खिडकीतून त्यांच्या गावातली पाण्याची टाकी दिसते. पण माझ्या कागदांवर बाहेर जायची मुभाच यंदा आली. न कर्त्याचा वार शनिवार म्हणतात, माझा तर आठवडाच शनिवारचा. आणि यंदाच ताईला दिवस गेले. सातवा लागला आणि डॉक्टरांनी सांगितलं, उठायचं नाही, पडून राहायचं. दाजी पावाच्या कारखान्यात. ते उजाडायच्या आत जातात ते दिवेलागणीला येतात. दिवसभर घरात ताई आणि भिंती. पाण्याचा पेला हातात द्यायला माणूस नाही. फोनवर म्हणते, "मी मजेत आहे." तुम्हाला माहीत आहे, लहानपणी विहिरीत पडली तेव्हाही आतून हेच ओरडली होती.

म्हणून मी सगळी साठलेली रजा एकदम मागितली. मालकीणबाई आधी नाही म्हणाल्या, मग ताईचं ऐकून हो म्हणाल्या, मग म्हणाल्या लांबू एकटा कपाट कसं उचलणार, मग पुन्हा हो म्हणाल्या. एका घरातून सामान काढताना लोकांनी बाळाची लाकडी खाट कचऱ्यात टाकायला काढली होती. कठड्यावर कुठल्याशा पोराचे दात उमटलेले. मी मागून घेतली, पॉलिश पेपर मारला, रंग दिला. दातांच्या खुणा तेवढ्या राहू दिल्या, म्हटलं आमच्या बाळाला कळेल कुठे चावायचं ते. (मामी, त्या लोखंडी पेटीत तळाला तुमची लोकरीची शाल आहे ना, ती अजून तशीच आहे का? सहज विचारलं.)

पलीकडे जायचा अर्ज आमच्या ऑफिसातल्या मुलीने कॉम्प्युटरवर भरून दिला. तिने विचारलं, कधी शिक्षा झालीय? मी म्हटलं, छे. मी खोटं बोललो नाही, मामा. माझ्या मनात शिक्षा म्हणजे गज, बेड्या, खडी फोडणे. दंड भरला, पावती घेतली, मिटलं, त्याला शिक्षा कोण म्हणतं? तिने 'नाही'वर टिचकी मारली. परवानगी आली.

पुलाच्या तोंडाशी बस थांबते, सगळ्यांनी खाली उतरायचं, आपापलं सामान घेऊन रांगेत. माझ्या खांद्यावर खाट, म्हणून माझ्या पुढचे मागचे जरा लांबच होते. खिडकीत एक गोलमटोल अधिकारी बसला होता, सर्दी झालेला. कुठे? बहिणीकडे. किती दिवस? रजा आहे तोवर. हे काय? खाट. त्याने नाक पुसलं आणि विचारलं, मुलगा की मुलगी? म्हटलं, अजून यायचंय. हसला. शिक्का उचलला. मामा, शिक्का हवेत होता. मी नुसता गप्प उभा राहिलो असतो तर तो खाली आला असता आणि मी आज ताईच्या उशाशी बसलो असतो.

पण मला तुमचा नाका आठवला. दांडा आडवा, तुम्ही खुर्चीवर, आणि मी लहानपणी तुमचा डबा घेऊन यायचो तेव्हा बघायचो. जो मागायच्या आधी पावती पुढे करायचा, त्याच्यासाठी तुम्ही बसल्या जागेवरून दांडा वर करायचात. जो खिसे चाचपायचा त्याला उन्हात ताटकळत ठेवायचात. म्हटलं, आपण खिसे चाचपणाऱ्यातले नाही. आणि मी आतल्या खिशातून ती लॅमिनेट केलेली पावती काढली आणि छाती काढून काचेच्या फटीतून आत सरकवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी पावती दाखवून केलं. त्याने पुढून वाचली, मागून वाचली, कॉम्प्युटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि झोपलेलं मूल खाली ठेवावं तसा तो शिक्का हळूच खाली ठेवला.

मग बाजूची खोली. खुर्च्या जमिनीला स्क्रूने आवळलेल्या, एक खोटं झाड, एक पाण्याचं यंत्र, ते मधेमधे ढेकर देत होतं. तिथे एक जाडजूड मिशीवाला ट्रकवाला संत्रं सोलत बसला होता. माझ्याकडे बघून, खाटेकडे बघून म्हणाला, "काय केलंस?"

"फोनवर बोललो."

"कुणाशी?"

"मामाशी."

"आणि यांना कळलं कसं?"

"मीच पावती दाखवली."

त्याचं सोलणं थांबलं. "त्यांनी मागितली?"

"नाही."

त्याने अर्धं संत्रं मला दिलं. दुखवट्याला आल्यासारखा माझ्या पाठीवर हात फिरवत राहिला. मग त्याची गोष्ट सांगितली. तरुणपणी दारू पिऊन त्याने ट्रकने विजेचा खांब पाडला होता, अख्खं गाव अंधारात. पण त्याने रीतसर 'मी खांब पाडला, आता येऊ का' असा अर्ज आधीच करून परवानगी काढून ठेवलीय, त्यामुळे दर आठवड्याला घटकाभर बसतो आणि पलीकडे जातो. म्हणजे बघा. खांब पाडणारा पलीकडे आणि मामाशी बोलणारा अलीकडे.

सर्दीवाला अधिकारी आला आणि त्याने नीट समजावलं. वाईट माणूस नव्हता, मामा, तुमच्यासारखाच नाक्यावरचा माणूस. म्हणाला, गुन्हा किरकोळ आहे. पण किरकोळ असला तरी कोर्टाचा आहे, आणि कोर्टाचा असला की आधी विचारून यावं लागतं. तू अर्जात 'नाही' लिहिलंस आणि पुरावा स्वतः घेऊन आलास. खोटं बोलणारा माणूस असं करत नाही, म्हणून मी 'खोटं बोलला' असं लिहीत नाही. 'स्वतःहून परत गेला' असं लिहितो. नाहीतर तुला पुढे कधीच येता येणार नाही. परत जा, खरा अर्ज कर. मी विचारलं, किती दिवस लागतील? म्हणाला, महिने. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण नदीच्या दोन्ही काठांना आहे. मी त्याला ताईचं सांगितलं. तो बराच वेळ नाक पुसत बसला, पण नियम काही त्याच्या सर्दीने पातळ झाला नाही.

मी विचारलं, खाटेचं काय? त्याने खाट बघितली आणि म्हणाला, खाटेला शिक्षा झालेली नाही. मग ट्रकवाल्याने खाट उचलली, ताईचा पत्ता हातावर लिहून घेतला आणि गेला. मी पुलाच्या अलीकडच्या टोकाला उभा राहून ट्रक जाताना बघितला. संध्याकाळी ताईचा फोन आला. (मी घरात, खुर्चीवर.) मिशीवाल्याने खाट आणून दिली, जोडून दिली, स्वयंपाकघरातला गळका नळही आवळून दिला आणि जाताना विचारलं, खाट पाठवणारा हा फोन करणारा मामा की फोन घेणारा? ताई रडली नाही. एक कठडा जरा हलतो, एवढंच म्हणाली. म्हणजे रडली.

तर हे असं आहे. यात कुणाचा दोष, याचा हिशोब मी मांडत नाही. फोन तुमचा, कान माझा. सल्ला तुमचा, हात माझे. दुभाषी बाई म्हणाल्या तसा थोडासाचा रकाना नसतो, नाहीतर आपण दोघांनी मिळून भरला असता. मोठ्यांना नमस्कार, ओट्यावरच्यांना रामराम.

तुमचा भाचा

ता. क. खरा अर्ज मी केला आहे. त्यात फोनचं, कोर्टाचं, सगळं लिहिलंय. फोनवर कोण होतं या प्रश्नापुढे मी 'वडीलधारे' असं लिहिलं, नाव घातलं नाही. तुम्हाला कधी पलीकडे जावंसं वाटलं तर अडचण नको.

ता. क. दुसरा. मामी, आता हे कंसात नाही, तेव्हा मोठ्याने वाचा. दम लागला तर पाणी पिऊन वाचा. पेटीतल्या शालीखाली तुमचा पासपोर्ट आहे. ताईच्या लग्नानंतर काढलेला. 'एकटी बाई विमानात कशी जाईल' असं मामा म्हणाले आणि तो शालीखाली गेला. मी गावातल्या कुणाकडून त्याचा फोटो मागवून बघितलेला नाही, मला आठवतंय, मुदत अजून आहे. दाजींनी तुमच्या नावाने बोलावण्याचे कागद पाठवलेत, ते या पत्राच्या मागोमाग येतील. मामा, रागावू नका. सगळ्या घरादाराचा विचार करून बघितला. थोरले काका गेले, मी अडकलो, तुमचं गाडी हाकण्याचं काय आहे ते नाक्यावर तुम्हीच गाडी घालून मोडलेल्या दांड्याला विचारा. आपल्या घराण्यात कुठल्याही सीमेवरून सरळ जाऊ शकेल असं एकच माणूस आहे, आणि ते आता तुमच्यासमोर बसून हे वाचतंय. चहाची पावडर डाव्या फळीवर आहे. पत्रं वाचायची सोयही होईल, चष्मा सापडेल.

ता. क. तिसरा. मामी, सीमेवर विचारतील तेवढंच बोला. पिशवीतून एकही पावती बाहेर काढू नका, किराण्याचीसुद्धा. कधी शिक्षा झाली आहे का विचारलं तर 'नाही' म्हणा. मामांना इतकी वर्षं सांभाळलं हे सांगायला जाऊ नका, ते लोक धरतील. आणि ताई 'मजेत आहे' म्हणाली तर ऐकू नका.

ता. क. शेवटचा. पैसे मामींच्या नावाने पाठवतोय, सहीही मामींचीच लागेल. जायचं तिकीट काढा, यायचं बाळ ठरवेल. रजा घेतली नाही म्हणून मालकीणबाईंनी तिचे दिले ते, पियानोच्या आजींनी खुशीने दिलेले, आणि मामा, वरचे चारशे हे साहेबांना हात जोडून वाचवलेले, तुमच्या सल्ल्याचे. एकूण शहाण्णव हजार चारशे रुपये.